कॅलिफोर्नियात घर खाली करण्याचा दावा आला तर: कोर्टाची फाइल बंद कशी ठेवायची

अमेरिकेत भाड्याच्या घरासाठी केलेला अर्ज घरमालक स्वतः क्वचितच तपासतो. तो एखाद्या टेनंट स्क्रीनिंग कंपनीकडे जातो आणि ती कंपनी तुमचं नाव क्रेडिट, गुन्हे, कोर्टातले दावे अशा सगळ्या याद्यांमधून फिरवून आणते. पूर्वी कधी घर खाली करण्याचा दावा झालेला दिसला की अर्ज बाजूला पडतो. दावा कशावरून झाला, कोण जिंकलं, थकलेले पैसे नंतर भरले का, हे विचारत बसायला कुणाला वेळ नसतो. समोर अर्जांचा ढीग असतो.

अनेक राज्यांत अशा दाव्याची फाइल आधी उघडी असते आणि ती बंद करून घ्यायला भाडेकरूला नंतर अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्नियात उलटं आहे. दावा दाखल होतो तेव्हाच फाइल बंद असते आणि ठरावीक गोष्टी घडल्या तरच ती उघडते. त्यामुळे इथे भाडेकरूचं खरं काम फाइल उघडू न देणं हे आहे आणि ते बहुतांशी पहिल्या काही आठवड्यांतच होतं. त्याच आठवड्यांत माणूस सर्वांत जास्त गोंधळलेला असतो, म्हणून हा लेख. बे एरियात, लॉस एंजेलिसकडे, सॅन डिएगोला नव्याने आलेल्या मराठी मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. हा वकिलाचा सल्ला नाही. वकील कुठे मिळेल तेही पुढे सांगितलं आहे.

आधी नियम

या दाव्याला इथे 'अनलॉफुल डिटेनर' म्हणतात, बोलताना 'यूडी'. फाइल बंद ठेवण्याचा नियम कोड ऑफ सिव्हिल प्रोसीजरच्या कलम ११६१.२ मध्ये आहे. पूर्वी दावा दाखल झाल्यापासून ६० दिवसांत भाडेकरू जिंकला नाही तर फाइल आपोआप सगळ्यांना खुली व्हायची. तडजोड झाली, दावा मागे घेतला गेला, तरी नाव यादीत लागायचंच. १ जानेवारी २०१७ पासून हे फिरलं. आता घरमालक ६० दिवसांच्या आत जिंकला तर फाइल खुली होते. ६० दिवस उलटल्यानंतर खटला चालून घरमालकाच्या बाजूने निकाल लागला तर कोर्ट आदेश काढून ती खुली करतं. घरमालक जिंकलाच नाही, दावा रद्द झाला किंवा निकालाशिवाय मिटला, तर फाइल बंदच राहते.

'जिंकला' या शब्दात एकतर्फी निकालही येतो, म्हणजे इथल्या भाषेत डिफॉल्ट. तुम्ही उत्तरच दिलं नाही म्हणून घरमालकाला मिळालेला निकाल. फाइल उघडण्याचा हा सर्वांत सोपा रस्ता, आणि थोडं लक्ष दिलं तर टळणाराही हाच.

बंद फाइल म्हणजे कुणालाच दिसत नाही असं मात्र नाही. दाव्यातले पक्ष ती पाहू शकतात. एका वादीचं नाव, एका प्रतिवादीचं नाव आणि युनिट नंबरसकट पूर्ण पत्ता ज्याला माहीत आहे त्यालाही कारकून ती दाखवतो. नुसत्या नावावरून शोधणाऱ्याला ती सापडत नाही, आणि स्क्रीनिंग कंपन्यांचं काम मुख्यतः नावांच्या घाऊक याद्यांवर चालतं. या नियमाचा उपयोग आहे तो तिथे. एक अपवादही आहे: मोबाइल होम पार्कमधल्या जागेच्या काही दाव्यांना हा नियम लागू नाही.

पायरी १: दारावरची नोटीस

भाडं थकल्यावर सहसा तीन दिवसांची नोटीस येते, 'पैसे भरा किंवा जागा सोडा' अशी. या तीन दिवसांत शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या धरत नाहीत. नोटीस म्हणजे दावा नव्हे. कोर्टात अजून काहीही दाखल झालेलं नसतं, फाइलच नसते, त्यामुळे काही उघडण्याचा प्रश्नही नसतो. विषय इथे संपवता आला तर त्याहून चांगलं काही नाही.

पैसे भरणार असाल तर मुदतीत आणि पूर्ण भरा, आणि पुरावा राहील अशा रीतीने भरा: कॅशियर्स चेक, पोर्टलवरची पावती, काहीही चालेल. नोटिशीत पैसे कुठे आणि कसे द्यायचे ते लिहिलेलं असतं, तसेच द्या. निम्मे भरून 'बाकीचे पगार झाल्यावर' असं फोनवर ठरवलं असेल तर ते लगेच ईमेलने लिहून घ्या. आपल्याकडे शब्दावर बरंच चालतं. इथे मॅनेजर तोंडी हो म्हणतो आणि कंपनीचा वकील त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे दावा ठोकतो. दोघांचं आपसात बोलणं झालेलं असेलच असं नाही.

नोटीस भाडं थकल्याची नसून 'कारण काही नाही, जागा हवी आहे' अशी असेल तर २०१९ चा टेनंट प्रोटेक्शन ॲक्ट तुमच्या घराला लागू आहे का ते पाहा. लागू असेल आणि तुम्ही तिथे सलग १२ महिने कायदेशीर राहिला असाल तर कायद्यात मान्य असलेल्या कारणाशिवाय काढता येत नाही.

पायरी २: समन्स आल्यावर लेखी उत्तर

दावा दाखल झाल्यावर एक-दोन दिवसांत कोर्टाचा कारकून प्रतिवादींना पोस्टाने एक सूचना धाडतो. त्यात दावा झाल्याचं आणि कायदेशीर मदत कुठे मिळते ते लिहिलेलं असतं. हे पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं. पोस्टाची पेटी आठवड्यातून एकदा उघडायची सवय असेल तर या काळात रोज उघडा.

समन्स आणि तक्रारीचे कागद हातात मिळाले की लेखी उत्तर दाखल करायला कोर्टाचे १० दिवस असतात. १ जानेवारी २०२५ पूर्वी ते पाचच होते. इंटरनेटवरचे जुने लेख अजून पाच सांगतात. कोर्टाचे दिवस म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून. सोमवारी कागद प्रत्यक्ष हातात मिळाले आणि मधे सुट्टी नसेल, तर त्यानंतरचा दुसरा सोमवार हा शेवटचा दिवस. कागद घरातल्या दुसऱ्या कुणाकडे दिले असतील किंवा दारावर चिकटवून पोस्टाने पाठवले असतील तर हिशोब बदलतो. तो स्वतः करत बसू नका, सेल्फ-हेल्प सेंटरला विचारा.

सेल्फ-हेल्प सेंटर प्रत्येक काउंटीच्या सुपीरियर कोर्टात असतं आणि फुकट असतं. तिथली माणसं तुमची बाजू मांडत नाहीत, पण फॉर्म भरायला मदत करतात. उत्तराचा फॉर्म यूडी-१०५. आपल्याकडच्या कोर्टाच्या भाषेत ही कैफियत. बहुतेक ठिकाणी खुणा करायच्या असतात: नोटिशीतली रक्कम चुकीची होती, घर राहण्यायोग्य स्थितीत नव्हतं, मुदतीत पैसे देऊ केले पण घेतले नाहीत, वगैरे. जे खरं आहे त्यालाच खूण करा.

या पायरीवर चुका होतात त्या कायद्याच्या कमी आणि व्यवहाराच्या जास्त.

दाव्यात ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाने उत्तर दिलं पाहिजे. नवऱ्याने उत्तर दाखल केलं आणि बायकोचं नावच त्यात नव्हतं, तर तिच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. रूममेटचंही तसंच. एकाच फॉर्मवर सगळ्यांनी सह्या केल्या तरी चालतं, पण फी माणशी असते.

फी खटल्याच्या रकमेप्रमाणे दोनशे डॉलरच्या वर जाते. उत्पन्न कमी असेल, सरकारी मदत चालू असेल किंवा फी भरली तर घरखर्च भागणार नाही अशी स्थिती असेल, तर एफडब्ल्यू-००१ हा फी-माफीचा फॉर्म उत्तरासोबतच द्या. फी नाही म्हणून उत्तर नाही, असं होऊ देऊ नका.

उत्तराची प्रत घरमालकाच्या वकिलाला पोस्टाने जायला हवी आणि ती तुम्ही स्वतः टाकायची नसते. दाव्यात नाव नसलेल्या, १८ वर्षांवरच्या कुणीतरी टाकायची आणि तसं सही करून लिहून द्यायचं. शेजारी, सहकारी, कुणीही चालतो.

इंग्रजीत बोलायला अडचण असेल, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं दाव्यात आली असतील, तर आयएनटी-३०० फॉर्म भरून कोर्टाकडून दुभाषा मागता येतो. त्याचे पैसे पडत नाहीत. मराठी असंच लिहा. 'इंडियन' किंवा 'हिंदी' लिहिलंत तर हिंदीचा दुभाषा येईल.

आई-वडील किंवा मित्र घरात राहतात पण दाव्यात त्यांचं नाव नाही, अशा वेळी कागदांसोबत 'प्रीजजमेंट क्लेम ऑफ राइट टू पझेशन' नावाचा फॉर्म येतो. तो भरला की तो माणूस स्वतःहून दाव्यात येतो, म्हणजे त्याचं नाव फाइलमध्ये जातं. कधी तसं करणं गरजेचं असतं, कधी अजिबात नसतं. विचारल्याशिवाय भरू नका.

आता सगळ्यांत मोठा सापळा. पुण्यात लीव्ह अँड लायसन्सचं घर सोडलं, किल्ली दिली, डिपॉझिटवरून थोडी हुज्जत घातली की विषय संपतो. तीच सवय घेऊन माणूस इथे समन्स हातात असताना सामान हलवतो, मोकळा होतो, कधी भारतात परततो. दावा मात्र चालूच राहतो. उत्तर आलं नाही म्हणून एकतर्फी निकाल लागतो, फाइल उघडते आणि दोन वर्षांनी नव्या नोकरीसाठी परत आलं की घर मिळत नाही. घर सोडायचंच असेल तर जरूर सोडा, पण आधी उत्तर दाखल करा किंवा दावा रद्द करण्याचं लेखी घ्या. किल्ली दिल्याची तारीखही लेखी असू द्या.

पायरी ३: तडजोड, पण निकालाशिवाय

उत्तर दाखल झालं की घरमालक तारीख मागतो आणि त्याने मागितल्यापासून साधारण २० दिवसांत खटला उभा राहतो. हे दावे वेगाने चालवायचे असंच कायद्यात आहे. म्हणून '६० दिवस कसेबसे काढू' हा बेत बहुधा फसतो. ते ६० दिवस मोजतातही दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून, तुम्हाला कागद मिळाल्यापासून नाही.

बरेच दावे मिटतात ते तारखेच्या दिवशी, कोर्टरूमबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. घरमालकाचा वकील हातात कागद घेऊन येतो. चांगला बोलतो, हप्ते पाडून देतो, आठ-पंधरा दिवस जास्त देतो. तुम्हाला हायसं वाटतं. उत्तम इंग्रजी येणारी, ऑफिसात मोठमोठे करार वाचणारी माणसंही इथे फसतात, कारण त्यांचं लक्ष रकमेवर आणि तारखेवर असतं. फाइलचं भवितव्य मात्र कागदाच्या शीर्षकातच ठरलेलं असतं.

यूडी-११५ हा फॉर्म बघा. त्याचं नाव 'स्टिप्युलेशन फॉर एंट्री ऑफ जजमेंट' आहे. तडजोड म्हणून सही केलेल्या या कागदाने घरमालकाच्या बाजूने निकाल नोंदवला जाऊ शकतो आणि निकाल ६० दिवसांच्या आतला असला तर फाइल खुली होते. तुम्ही सगळे पैसे फेडले तरीही. म्हणून सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: यात माझ्याविरुद्ध निकाल नोंदवला जाणार आहे का?

तुम्हाला हवी ती तडजोड अशी: तुम्ही ठरलेलं कराल, मग ते पैसे देणं असो वा तारखेला जागा सोडणं, आणि घरमालक दावा रद्द करेल. मधल्या काळात कुणी शब्द पाळला नाही तर काय, ही घरमालकाची काळजी रास्त आहे. त्यासाठी कलम ६६४.६ आहे. दोन्ही बाजूंनी मागितलं तर त्याखाली कोर्ट तडजोड अमलात आणण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतं. घरमालकाला त्यासाठी लगेच निकाल हातात असण्याची गरज नसते. 'तुम्ही हप्ता चुकवलात तरच निकाल' अशी मधली तजवीजही असते. हप्ता नक्की पाळता येईल याची खात्री असेल तरच ती घ्या, आणि चुकला तर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतील असं लिहून घ्या.

कागदावर आणखी काही वाक्यं हवीत. फाइल कलम ११६१.२ प्रमाणे कायम बंद राहील आणि दोन्ही पक्षांची त्याला संमती आहे. दावा सगळ्या प्रतिवादींविरुद्ध रद्द होईल, एकट्याविरुद्ध नाही. पुढच्या घरमालकाने फोन केला तर फक्त राहण्याचा काळ आणि भाड्याची रक्कम सांगितली जाईल. हे शेवटचं मागायला लोक संकोचतात. कशाला संकोचायचं? फाइल बंद असली तरी जुन्या मॅनेजरचं तोंड बंद नसतं, आणि नव्या अर्जात मागच्या घरमालकाचा फोन नंबर विचारलेलाच असतो.

एक वाक्य मात्र नको: 'या दाव्याची माहिती रिपोर्टमध्ये देता येईल.' कॅलिफोर्नियाच्या कायद्यात भाडेकरूंची माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी नियम आहे की घरमालक जिंकला नसेल तर यूडी दाव्याची माहिती द्यायची नाही. पण तडजोडीच्या कागदातच तशी परवानगी लिहिलेली असेल तर घरमालक जिंकला असं धरलं जातं. असं वाक्य छापील मसुद्यात असेल तर खोडा आणि बाजूला दोघांची आद्याक्षरं घ्या.

ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं की सीआयव्ही-११० हा दावा रद्द करण्याचा अर्ज खरंच दाखल झाला का ते केस नंबरवरून कारकुनाकडे पाहून घ्या. वकील विसरतात. शिक्का मारलेली प्रत घ्या आणि स्कॅन करून ठेवा.

पायरी ४: एकतर्फी निकाल आधीच लागला असेल तर

हातपाय गाळू नका, पण दिवसही घालवू नका. चूक, गैरसमज किंवा रास्त कारणामुळे उत्तर देता आलं नाही (आजारपण, कागद चुकीच्या पत्त्यावर गेले, प्रवासात होता) तर कलम ४७३(ब) खाली निकाल बाजूला ठेवण्याचा अर्ज करता येतो. कायद्याची बाहेरची मर्यादा सहा महिने आहे, पण 'वाजवी वेळेत' हा शब्दही आहे आणि यूडीमध्ये वाजवी वेळ म्हणजे कळल्याबरोबर. अर्जासोबत जे उत्तर दाखल करायचं होतं ते भरून जोडावं लागतं. नुसती विनंती चालत नाही. दाव्याची तुम्हाला प्रत्यक्ष खबरच मिळाली नव्हती, तर कलम ४७३.५ आहे. त्यात एकतर्फी निकालापासून दोन वर्षं किंवा निकाल नोंदल्याची लेखी सूचना मिळाल्यापासून १८० दिवस, यातलं जे आधी संपेल तोवर मुदत असते. बाहेर देशात गेलेल्यांच्या उपयोगाचं हे कलम.

निकाल ६० दिवसांनंतर बाजूला ठेवला गेला तर कलम ११६१.२ नुसार दावा जणू त्याच दिवशी दाखल झाला असं धरतात. म्हणजे फाइल पुन्हा बंद होते आणि नवे ६० दिवस सुरू होतात. हे यश अर्धं. पुढचा खटला अजून लढायचा किंवा मिटवायचा असतो.

या पायरीवर वकील हवाच. उत्पन्नाची अट बसत असेल तर बे एरिया लीगल एड, सांता क्लारा काउंटीत लॉ फाउंडेशन ऑफ सिलिकॉन व्हॅली अशा संस्था मोफत काम करतात. सॅन फ्रान्सिस्को शहरात २०१८ च्या मतदानानंतर घर खाली करण्याच्या दाव्यात भाडेकरूला वकील मिळण्याची सोय शहरानेच केली आहे. उत्पन्न जास्त असेल तर काउंटीच्या बार असोसिएशनकडून माफक फीत पहिला सल्ला मिळतो.

पायरी ५: स्क्रीनिंग रिपोर्ट तपासा

फाइल बंद असणं आणि रिपोर्ट स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी. फाइल काही दिवस उघडी होती, तेवढ्यात कुणी ती उतरवून घेतली, नंतर ती बंद झाली, पण कंपनीकडची नोंद तशीच राहिली, असं होतं. नावातला घोळ तर आपल्या वाट्याला हमखास येतो. कुलकर्णी, पाटील, जोशी इतके आहेत की दुसऱ्याच कुणाचा दावा तुमच्या नावावर चिकटू शकतो. अर्जात मधलं नाव नेहमी एकाच पद्धतीने लिहा.

रिपोर्टवरून अर्ज नाकारला तर घरमालकाने तसं कळवायचं आणि कोणत्या कंपनीचा रिपोर्ट होता ते सांगायचं, असं फेडरल कायदा सांगतो. त्यानंतर ६० दिवसांत मागितल्यास त्या कंपनीने रिपोर्ट फुकट द्यायला हवा. चूक असेल तर लेखी हरकत घ्या, रद्द झालेल्या दाव्याची शिक्क्याची प्रत जोडा. कंपनीला साधारण ३० दिवसांत चौकशी करून चूक काढावी लागते. हरकत कंपनीकडेच घ्यायची. घरमालकाशी भांडून रिपोर्ट बदलत नाही.

क्रेडिट रिपोर्टचं वेगळं. २०१७ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्यूरोंनी दिवाणी निकालांच्या नोंदी काढून टाकल्या आहेत. पण थकलेलं भाडं वसुलीच्या कंपनीकडे गेलं असेल तर ते तिथे दिसेल. म्हणून तडजोडीत बाकी रक्कम मिटवून घेणंही महत्त्वाचं.

अर्जात 'तुम्हाला कधी घरातून काढलं आहे का' असा प्रश्न असेल तर तो अक्षरशः वाचा. काढलं जाणं आणि दावा दाखल होणं एक नव्हे, आणि काही अर्ज दोन्ही विचारतात. खोटं लिहू नका, ते नंतर उघड झालं तर नव्या घराचा करार धोक्यात येतो.

व्हिसाची भीती

यूडी हा दिवाणी दावा आहे, गुन्हा नाही. 'इमिग्रेशनला कळवीन' अशी धमकी देऊन घर खाली करायला लावणं कॅलिफोर्नियात २०१८ पासून बेकायदा आहे. अशी धमकी मेसेजवर आली असेल तर पुसू नका, वकिलाला दाखवा. एच-१बी वर असलेली माणसं या भीतीने उत्तरच देत नाहीत आणि नेमका एकतर्फी निकाल ओढवून घेतात.

दुसऱ्या राज्यात असाल तर

वरचं सगळं कॅलिफोर्नियाचं. बोस्टनकडच्यांसाठी मॅसॅच्युसेट्सने ५ मे २०२५ पासून वेगळी सोय केली आहे. तिथे फाइल आधी उघडी असते आणि ज्या कोर्टात दावा झाला तिथेच ती बंद करण्याचा अर्ज द्यायचा असतो. भाडेकरूचा काही दोष नसलेला दावा, रद्द झालेला दावा किंवा भाडेकरू जिंकलेला दावा असेल तर तो संपल्यावर लगेच अर्ज करता येतो. दोष ठेवून झालेल्या दाव्यांना काही वर्षं वाट पाहावी लागते. फाइल बंद झाली की घराच्या अर्जात त्या दाव्याबद्दल 'नो रेकॉर्ड' असं उत्तर देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे आणि अर्जाच्या फॉर्मवर तसं छापणं बंधनकारक केलं आहे. मिनेसोटात २०२४ पासून निकाल लागेपर्यंत फाइल लोकांना दिसत नाही. तुमच्या राज्यात काय आहे ते तिथल्या कोर्टाच्या सेल्फ-हेल्प विभागाला विचारा. विचारताना 'सील', 'मास्क' आणि 'एक्सपंज' हे तिन्ही शब्द वापरा, कारण प्रत्येक राज्याने आपापला निवडला आहे.